शनिवारचा चौथा पब

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायला अंगात जे लागतं, ते त्या दिवसांत माझ्याकडे नव्हतं.

बाबा जाऊन आठ महिने झाले होते. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. बर्टन गाव, दुपारचे तीन. रात्र नव्हती... उजेड होता, रस्त्यावर माणसं होती.

आमचे बाबा, डेझ्मंड, दर शनिवारी काठी टेकत चार पब पायी करायचे. क्रम ठरलेला. कालव्याकाठचा पहिला, बाजारातला शेवटचा. प्रत्येक ठिकाणी पिंपातल्या बिअरचा अर्धा पाइंट. मोटारीने गेलं तर चव लागत नाही म्हणायचे.

त्यांच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी मला फोन केला होता.

"येतेस का बरोबर?"

"पुढच्या शनिवारी, बाबा."

तिसऱ्या पबमधून ते निघाले आणि बिअरसाठीच्या माल्टच्या जुन्या गोदामाच्या भिंतीपाशी कोसळले. चौथ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

मी रडले नव्हते. आठ महिन्यांत एकदाही नाही. एवढंच ठरवलं होतं, की त्यांची राहिलेली फेरी आपण पुरी करायची. शेवटच्या दारापर्यंत.

पहिल्या पबमध्ये मॉरीन होती. तीस वर्षं तीच मालकीण. मला पाहिलं आणि बोलता बोलता तिने बिअरच्या पंपाचा दांडा ओढला. एक ग्लास भरला... आणि मग दुसरा.

"अगं बाई," ती म्हणाली. "हाताची सवय गं, पोरी. ओतून टाकते."

"राहू दे. टाकलेलं त्यांना खपायचं नाही."

"खपतंय कसलं! एकदा पिंपाच्या तळाचा गाळ आला, तर तोही चवीने प्यायला होता मेला..."

शेवटचा शब्द तोंडातून गेला, तशी तिने जीभ चावली.

मी माझा ग्लास संपवला. उठताना शेजारच्या भरल्या ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवली.

काय केलं, ते रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं.

आमच्याकडे ग्लासावर चकती ठेवली की त्याचा एकच अर्थ. माणूस परत येणार आहे. उचलू नका.

मागे जाऊन काढायला हवी होती.

नाही गेले.

दुसऱ्या पबमध्ये, बाबांच्या खिडकीजवळच्या टेबलावर एक रिकामा ग्लास होता. आतून फेसाच्या कड्या. प्रत्येक घोटाला एक उरते. मी मोजल्या...

सात.

बाबांना अर्ध्या पाइंटला सातच घोट लागायचे.

फेस अजून ओला होता.

"इथं कोण बसलं होतं?" मी बारपाशी बसलेल्या आल्फ म्हाताऱ्याला विचारलं. बाबांचा जुना सोबती.

"मला काय विचारतेस? चाळीस वर्षं बायकोकडे लक्ष दिलं नाही, आता खिडकीकडे देऊ?" मग त्याने टेबलाकडे पाहिलं. आवाज खाली आला. "मघाशी तर तिथं कुणीच नव्हतं गं, जोॲन."

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पाय मात्र भरभर चालायला लागले.

ते माझ्या पुढे होते. एक पब पुढे.

तिसऱ्या पबमधली कुत्री एरवी शेकोटीजवळच्या बाबांच्या खुर्चीवर झोपलेली असते. फक्त बाबा आले की उतरायची.

मी दारात पोचले तेव्हा ती उतरलेली होती.

खाली बसून रिकाम्या खुर्चीकडे बघत शेपटी हलवत होती. मग तिची मान वळू लागली. खुर्चीवरून जमिनीवर... जमिनीवरून दाराकडे... माझ्याजवळून, बाहेर.

मी काही न घेताच निघाले.

गल्लीत कुणी नव्हतं. पण पुढे काठी वाजत होती. टक्... टक्...

गोदामाच्या भिंतीपाशी ती थांबली.

मी तिथे जाऊन उभी राहिले. ओली भिंत. माल्टचा गोडसर वास. बाकी काही नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आज मी आलेय. थोडंच राहिलंय. चला."



मी हात मागे केला. त्यांना चढावर द्यायचे तसा. कुणी धरला नाही. तो तसाच मागे ठेवून मी चालत राहिले. काठी पुन्हा वाजली नाही.

चौथ्या पबची बाई उन्हाळ्यातच गावात आलेली. बाबांना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. काचेतून मी दिसले तशी तिनेच दार उघडलं. मी आत गेले.

तिने दार लावलं नाही.

एका हाताने दार धरून ती बाहेर बघत राहिली. जरा खाली वाकून.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही, आजोबा. पायरी उंच आहे."

माझ्या मानेवर गार वारा आला. मी बारकडे तोंड करून उभी होते. वळायला हवं होतं. त्यासाठीच तर एवढी चालत आले होते.

वळले नाही.

मग दार लागल्याचा आवाज आला.

ते आत आले, की पायरीवरच राहिले, मला माहीत नाही. ती बाई काऊंटरमागे येऊन काहीतरी बोलू लागली, तोवर मी मागच्या दाराने बाहेर पडले होते.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. त्या बाईला विचारायचं म्हणून मी दोनदा तिथवर गेले. दोन्ही वेळा ती काचेतून दिसली. तिने मला ओळखलं, हात केला.

दोन्ही वेळा मी परत फिरले.