तात्याला लिहिलेलं पत्र

चंद्रावरच्या अख्ख्या वस्तीत लिंबाचं झाड एकच, आणि तेही पिवळं पडू लागलं. आता काय करायचं? वनस्पतिशास्त्रज्ञ आजोबांनी ते बियेपासून वाढवलं होतं आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पृथ्वीवर जाताना आपल्या नातीवर, शाल्मलीवर सोपवलं होतं. त्यांना कळवलं तर उपचार अर्धवट टाकून ते निघाले असते. काळजीने तिला जेवण गोड लागेना. शेवटी तिने ग्रंथालय गाठलं.

तिथल्या यंत्रमानवाला मुलं तात्या म्हणत. शाल्मलीने त्याला शाळेत शिकवल्याप्रमाणे रीतसर पत्रच दिलं : 'सप्रेम नमस्कार. आजोबांचं लाडकं झाड आजारी आहे. कृपया मदत करावी, ही नम्र विनंती.' तात्याने बिचाऱ्याने शब्दन्‌शब्द शोधला. पडद्यावर पत्रलेखनाचे नमुने आले, आजोबांवरच्या कविता आल्या, रजेचे अर्जसुद्धा आले. लिंबाचा मात्र पत्ता नाही.

तात्याने समजावलं, की नमस्कार, लाडकं, कृपया हे सगळं शोधताना बाजूला ठेवायचं. उरतात ते शोधशब्द (माहिती हुडकायला लागणारे नेमके शब्द). तिने 'लिंबू' आणि 'पिवळं' दिलं. आता आली सरबतं आणि लोणची. शाल्मली रडकुंडीला आली.

"पिवळं म्हणजे नक्की काय, ते झाडाकडे जाऊन बघ," तात्या म्हणाला. "आणि ज्याने हे लिहून ठेवलं असेल, तो याला काय म्हणाला असेल, याचा विचार कर."

ती धावत गेली. फक्त कोवळी पानं पिवळी होती, त्यांच्या शिरा हिरव्याच होत्या. तिने तसंच लिहिलं. 'लिंबू'ने काही सापडेना, तेव्हा तात्याच्या सांगण्यावरून 'फळझाड' हा व्यापक शब्द (अनेक गोष्टींना सामावून घेणारा) घातला. आणि सापडलं! शंभर वर्षांपूर्वी द्वारकाबाई काकडे नावाच्या बागायतदार बाईंनी आपल्या मोसंबीबद्दल हेच लिहिलं होतं. अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) पाण्यामुळे मुळांना मातीतलं लोह घेता येत नाही. पानांवर लोहाची फवारणी करावी. वस्तीचं पाणी अल्कधर्मीच होतं.

फवारणीनंतर नवी पालवी हिरवीगार आली. शाल्मलीने आपला अनुभव ग्रंथालयासाठी लिहिला आणि शेवटी शोधशब्दही दिले, म्हणजे उद्या मंगळावरच्या एखाद्या मुलीला तो चटकन सापडेल. त्याखाली तिने आणखी चार ओळी लिहिल्या :

'द्वारकाबाई, सप्रेम नमस्कार. तुम्ही लिहून ठेवलंत, म्हणून आमचं झाड वाचलं. आजोबा परत येतील तेव्हा ते हिरवं असेल. मी तुमची फार ऋणी आहे.'

"तात्या," ती म्हणाली, "यातला एकही शब्द गाळू नकोस हं."