रविवारची पिकअप

रोह्याला मी भाचीच्या हळदीला गेले होते. परत येताना स्टेशनकडे चालत निघाले आणि वाटेत एका कुंपणाआड ती पिकअप दिसली. चारही टायर बसलेले, बॉनेटवर कारल्याचा वेल चढलेला, आणि वेलाला तीन कारली लागलेली. शेजारच्या ओट्यावर एक माणूस सुपारी कातरत बसला होता.

मी थांबले, तसा तो बघायला लागला. बघतच राहिला.

"काय बघता?" मी विचारलं. बासष्टाव्या वर्षी असं विचारायला लाज वाटत नाही.

"मी? गाडीकडे बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही बघताय म्हणून मीपण बघितली. बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचा एक डोळा सरळ होता आणि दुसरा जरा बाहेरच्या बाजूला कललेला. एक डोळा गाडीवर, एक माझ्यावर. त्यातला खरा कुठला, ते मला सांगता येईना.

आणि माझं तर कामच डोळ्यांचं. हमरापूरला चाळीस वर्षं मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंग चढतो, दागिने होतात, आणि सगळ्यांत शेवटी माझ्यापुढे येते. बुबुळ केसभर इकडेतिकडे झालं तर देव भिंतीकडे बघत बसतो. माणूस समोर हात जोडून उभा राहिला की त्याला वाटलं पाहिजे, आपल्याकडेच बघतोय. असे हजारो डोळे मी उघडले असतील. आणि इथे एका जिवंत माणसाच्या दोन डोळ्यांपुढे माझा गोंधळ उडाला.

"विकायची आहे का?"

"कोण... गाडी?"

"नाही, कारली."

तो हसला. हसताना त्याचे दोन्ही डोळे मिटायचे. बरं वाटलं. तेवढा वेळ तरी तो कुठे बघतोय हा प्रश्न नव्हता.

पिकअप मला खरंच हवी होती. माझ्या लहानपणी मूर्ती पेंढ्यात बसवून बैलगाडीने जायच्या, काही खाडीतून होडीने. एखाद्या मूर्तीचा कान दुखावला तर माझे वडील त्या दिवशी जेवायचे नाहीत. आणि गेल्या वर्षी भाड्याच्या टेम्पोवाल्याने खांब गावाला जाताना खड्ड्यांतून गाडी अशी उडवली, की अकरा मूर्ती फुटल्या. चतुर्थी दुसऱ्या दिवशी. खांबचे एक म्हातारे गृहस्थ मला आत घेऊन गेले. मांडून ठेवलेल्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिले. त्या दिवशी मी ठरवलं, आता मूर्ती आपल्या गाडीतून न्यायच्या. नवी परवडणारी नव्हती. म्हणून अशी.

मी कुंपणाच्या आत शिरले आणि बोटाच्या पेरांनी दार ठोकून बघायला लागले. टक, टक, टक... आणि मग ठप्प.

"इथे पुट्टी भरलीय," मी म्हटलं. "इथेही. आणि या चाकाच्या वर तर पत्राच नाही, नुसती पुट्टी आणि रंग."

"तुमच्यात कोण मेकॅनिक हाय?"

"कोणी नाही. मूर्तीला तडा गेला तर आम्हीही असंच बुजवतो. पण आवाज लपत नाही."

तो सुपारी खाली ठेवून उभा राहिला. "पाच जण बघून गेले आजवर. चार जणांनी बॉनेट उघडलं, एकानं कारली तोडून नेली. पत्रा कोणी ठोकला नाय." थोडा थांबला. "देतो तुम्हाला. पण एक अट हाय. दुरुस्त मीच करणार."

त्याचं नाव कमळाकर. एकतीस वर्षं कंपनीत मेन्टेनन्सला होता. रिटायर झाल्यावर हौसेने ही मोडकी गाडी घेतली, आणि त्याच महिन्यात बायको गेली. "मग हातच लागला नाय," तो म्हणाला, आणि एका डोळ्याने कारल्यांकडे बघायला लागला. का कोण जाणे, मी अट कबूल केली.

गाडी ओढत हमरापूरला आणली आणि माझ्या शेडशेजारी ताडपत्रीखाली उभी केली. दर रविवारी सकाळच्या आगगाडीने कमळाकर यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. एकदा तर हमरापूर स्टेशन गेलेलं त्याला कळलंच नाही, पुढे जित्याला उतरला आणि हातात जॅक घेऊन उन्हातून चालत आला.

"झोपला होतात का?" मी विचारलं.

"नाय... विचार करत होतो."

"कसला?"

"क्लच प्लेटचा," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. क्लच प्लेटचा विचार करून कोणी लाल होतं का? मला काही कळेना.

माझ्या शेडमध्ये आम्ही दोघीच. मी आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण गोदूबाई. ती साच्याचं काम बघते, मी डोळ्यांचं. गोदूही माझ्यासारखीच एकटी, पण तिचं बोलणं मात्र दहा जणांचं. कमळाकर रोह्याचा, म्हणून तिने त्याचं नावच रोहेकर ठेवलं.

"काय ओ रोहेकर," ती चहा देताना म्हणायची, "गाडी चालू व्हायची हाय का नुसती न्हाऊनमाखून बसवायची?"

"गोदूबाई, एकतीस वर्षं घाईत कामं केली. आता सावकाश करतो."

"करा की सावकाश. चतुर्थीला सांगते, थांब जरा, रोहेकरांचा नट बसत नाय."

तो हसायचा, मीही हसायचे, आणि मग त्याचे डोळे उघडले की माझा गोंधळ पुन्हा सुरू. एकदा दाराला हिरवा रंग मारून तो मागे सरकला आणि म्हणाला, "हिरवा काय शोभतो!" त्या दिवशी गोदूचं लुगडं हिरवं होतं. माझा ब्लाऊज हिरवा होता. आणि दार तर हिरवं होतंच.

"कोणाला?" मी न राहवून विचारलं.

"आँ? ...दाराला," तो म्हणाला.

मी रागावले. मग आपण का रागावलो तेच कळेना, म्हणून आणखी रागावले. त्या रात्री उशीवर डोकं टेकलं तर मनात हिशोब चालू, सरळ डोळा गोदूकडे होता आणि कललेला माझ्याकडे... की उलटं? अशी मी सोळाव्या वर्षीही नव्हते. सोळाव्या वर्षी माझं लग्न ठरवलं ते वडिलांनी, आणि नवऱ्याचा चेहरा मी नीट पाहिला तो लग्नानंतर. चांगला माणूस होता. त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण कोणाची नजर कुठे आहे म्हणून जीव टांगणीला लागणं, हे मला नवीनच होतं.

मे महिन्यात त्याने चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे काढले. "ही गाडी सिमेंटच्या गोण्या वाहायला बनवलेली हाय," त्याने मला समजावलं. "तुमच्या मूर्ती हलक्या. वजन नसलं की गाडी उडते. दोन पाटे कमी करतो, म्हणजे पाळण्यासारखी जाईल." स्टार्टर बिघडलेला, म्हणून आळीतल्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू केली आणि आम्ही तपासायला निघालो. मागे हौद्यात मी, मांडीवर एक कोरी मूर्ती धरून. पुढे तो, आणि त्याच्या शेजारी गोदू, कारण तिला आयुष्यात एकदा गाडीत पुढे बसायचं होतं.

गाडी खरंच पाळण्यासारखी चालली. वाऱ्याला वाळल्या गवताचा आणि डिझेलचा वास होता. बाहेरच्या आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि एक डोळा. तो डोळा गोदूकडे होता. अगदी स्पष्ट. मी चाळीस वर्षं डोळे काढते, एवढं मला कळतं.

मांडीवरची मूर्ती शाबूत घरी आली. माझं मात्र काहीतरी त्या रस्त्यावर फुटलं.

पुढच्या रविवारी पाऊस होता. ताडपत्रीवर त्याचा आवाज इतका, की मोठ्याने बोलावं लागत होतं. गोदू आत होती. मी मनाचा हिय्या केला. ती माझी मैत्रीण, हा भला माणूस. दोघांचं बरं होत असेल तर मध्ये आपण कशाला लोंबकळायचं?

"रोहेकर, एक विचारू?"

"विचारा की." पान्हा हातातच राहिला त्याच्या.

"तुमच्यासाठी... गोदूला विचारू का?"

"काय विचारणार?"

"हेच. तुम्हा दोघांचं. ती नाही म्हणणार नाही बहुतेक."

त्याने पान्हा खाली ठेवला. फडक्याने हात पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी पुसत राहिला. मग गाडीचा स्टार्टर पिशवीत घातला. "एवढा बसवायचा राहिला. नीट करून आणतो," म्हणाला, आणि दुपारच्या गाडीने निघून गेला.

पुढचा रविवार आला, तो नाही आला. त्याच्या पुढचाही. शेडमध्ये मूर्ती रांगेने माझी वाट बघत होत्या आणि माझा हात ब्रश टेकवायला धजत नव्हता. सगळंच आपण चुकीचं बघतोय असं वाटायला लागलं.

शेवटी मी गोदूला सगळं सांगितलं. तिने साचा खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. हाताच्या प्लास्टरने कपाळ पांढरं झालं.

"अगो शकू! तुला कोणी सांगितलं तो माझ्याकडं बघतो?"

"मी बघितलं ना. आरशात."

"डोळा बघितलास. मान बघितलीस का?"

"मान?"

"माझ्याशी बोलताना त्याची मान गाडीकडं. नुसता डोळा भटकतो माझ्यावर, त्याला बिचारा काय करील? आणि तू शेडमधून बाहेर आलीस की मान वळते. आख्खी. त्या दिवशी आरशाकडं मान वाकडी करून चालवत होता, समोर रेडा आला तो मला वरडून सांगावा लागला!"

मी रांगेतल्या मूर्तींकडे बघितलं. मूर्तीची मान साच्यातच ठरते. ते गोदूचं काम. माझ्यापुढे मूर्ती येते तेव्हा मान कशी आहे हे मी कधी बघितलंच नाही. चाळीस वर्षं फक्त डोळे.

"आणि माझं लग्न लावाया निघालीस ती?" गोदू ओरडली. "मला विचारलंस? मला नाय ओ कोण पाहिजे आता. सकाळी उठून कोणाचा चहा करू मी? तुझाच करते तेवढा पुरे."

मंगळवारी मी रोह्याला गेले. तो ओट्यावरच बसला होता. शेजारी फडक्यात गुंडाळलेला स्टार्टर. मला बघून उठला, आणि मी पहिल्यांदा त्याचे डोळे सोडून दिले. मान बघितली. ती हळूहळू वळली आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

"झाला का नीट?" मी विचारलं.

"कधीच झालाय."

"मग आणला का नाहीत?"

"बसवला की गाडी चालू होणार."

"व्हायलाच पाहिजे ना?"

"मग पुढल्या रविवारी कशाला यायचं?"

मी ओट्यावर बसले. तोही बसला, मध्ये स्टार्टर ठेवून. "मी गोदूचं विचारलं, त्याचा राग आला?"

"राग नाय. वाटलं, बाईंनी सभ्यपणानं 'नाय' म्हणून सांगितलं."

"तोंडाने बोलायचं असतं, रोहेकर. मला वाटलं तुम्ही तिच्याकडे बघता."

"माझ्या डोळ्यांवर इसवास ठेवलात?" त्याला हसू आलं. "माझी आई पण ठेवायची नाय." मग हसू गेलं. "तोंडानं बोलतो. रविवारी बरं असतं. बाकीचे सहा दिवस काय करायचं, ते मला कळत नाय. बस. एवढंच हाय."

या वयात म्हणजे नेमकं काय करायचं? कोणी कुठे राहायचं? पनवेलला राहणाऱ्या माझ्या मुलाला काय सांगायचं? "मलाही काही कळत नाही," मी म्हणाले. आणि आम्ही दोघं काही न कळता बराच वेळ बसून राहिलो. मला तसं बसणं आवडलं.

चतुर्थीच्या आदल्या रविवारी पिकअप पेंढ्याने आणि मूर्तींनी भरली. सगळी आळी बघायला जमली होती. मी सवयीने मागे चढायला लागले, तर गोदूने आधीच हौद्यात बैठक मारलेली.

"मूर्ती मी धरते. तू पुढं बस. आणि खाली बघू नको, तुला बघायलाच आलेत सगळे."

मी पुढे बसले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून पदर आवळून धरला. खांबला पोचेपर्यंत तो सोडला नाही. तिथल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मूर्ती पाटावर ठेवली, कान, सोंड, बोटं हात फिरवून पाहिली, आणि मग मला वाकून नमस्कार केला. एकही मूर्ती फुटली नव्हती. गाडीचं काम संपलं होतं.

संध्याकाळी त्याला सोडायला मी हमरापूर स्टेशनवर गेले. पाऊस नुकताच थांबला होता. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. बोटाच्या नखात अजून हिरवा रंग होता.

"ऑइल वेळेवर बदला," तो म्हणाला. "आणि पाणी बघत जा."

"बरं."

"मग... येतो मी."

आगगाडी लांबून दिसायला लागली. माझ्या मनात अजूनही सगळा गोंधळच होता, पण एक गोष्ट त्यात स्पष्ट दिसत होती. ही किल्ली मला एकटीला नको होती.

"उद्या या," मी म्हणाले.

तो थांबला. मान वळली. "उद्या सोमवार हाय."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले.