बुवांचं चावीचं घड्याळ

"कुंदन, थांब! आधी नाना बघतील!" कामिनी ओरडली, पण कुंदनने डबी उघडलीसुद्धा!

आत सोन्याचं मनगटी घड्याळ झगमगत होतं. दिवाळीच्या सुट्टीत जळगावला आजोबांकडे, म्हणजे तोताराम नानांकडे, आलेली ही भावंडं आणि शेजारचा रमीज, तिघंही नानांबरोबर लोटनशेठच्या घड्याळांच्या दुकानात आले होते.

घड्याळ पारोळ्याच्या जीवरामबुवांचं. कीर्तनावर खूश होऊन शिंदखेड्याच्या गावकऱ्यांनी दिलेलं. मागे तसं कोरलेलंही होतं. कीर्तनाला निघताना त्यांच्या पत्नी झुंबरबाई त्याला चावी द्यायच्या, मगच बुवा वीणा गळ्यात घ्यायचे. झुंबरबाईंच्या आजारपणात ते विकावं लागलं. त्या गेल्या. आता बुवांना दिसतही नव्हतं. "एकदाव त्या घड्याळले चावी देवानी शे," एकदा स्वतःच्या हाताने चावी द्यायची, एवढंच ते म्हणत. म्हणून त्यांच्या कीर्तनात टाळ वाजवणाऱ्या नानांनी ते शोधून काढलं होतं.

"सगळं अस्सल!" लोटनशेठ म्हणाले.

"मग सेकंदकाटा उड्या का मारतोय?" कामिनीने विचारलं. "रमीज, तुझ्या अब्बांच्या घड्याळाचा काटा कसा सरकत जातो!"

रमीजने चावी फिरवून पाहिली. "किर्र वाजतच नाही! शेठ, झाकण उघडा ना!"

"पोरांना काय कळतं!"

"नाही ना कळत? मग घाबरता कशाला?" कुंदन म्हणाला.

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. लोटनशेठने नाइलाजाने झाकण उघडलं. आत चकचकीत सेल!

"फसवणूक!" नाना कडाडले.

लोटनशेठची मान खाली गेली. "केस अन् तबकडी बुवांचीच आहे, नाना. मशीन बंद होतं. फोनवर तुम्हीच म्हणालात, बंद घड्याळ देणं अशुभ, काहीही करा पण चालू करा! म्हणून नवं टाकलं. अस्सल म्हणालो, ते मात्र चुकलं."

"जुनं मशीन कुठंय?" तिघं एकदम ओरडले.

"भंगारात दिलं. शिरपूरच्या माणसाला."

कुंदनने तिथल्या तिथे फोन लावायला लावला. पलीकडून उत्तर आलं, "ते? कधीच वितळवलं!"

नाना मटकन बसले. "दुसरं चावीचं मशीन बसवू. बुवांना कुठे दिसतंय..." बोलता बोलता ते स्वतःच ओशाळले.

"नाना, नको ना!" कामिनी म्हणाली.

संध्याकाळी पारोळ्याच्या मंदिरात कीर्तनाआधी बुवांनी घड्याळ हाती घेतलं. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. चेहरा उजळला! मग ते चावी देऊ लागले. फिरवली, पुन्हा फिरवली. बोटं थांबली.

कामिनीने रडू आवरत सगळं सांगितलं.

"बंद होतं, तर बंद आणायचं रे, तोता," बुवा हळूच म्हणाले. "मी का घड्याळ बघून कीर्तन आवरतो?"

एरवी सगळे हसले असते. आज कुणालाच हसू आलं नाही.

"चूक माझी, बुवा. तुम्हाला एकदा विचारलं असतं तर..." नाना म्हणाले.

बुवांनी तिन्ही मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "शाब्बास, पोरांनो! माझ्या अंधाराचा कुणाला फायदा घेऊ दिला नाहीत! रमीज बेटा, आता ते थांबव."

रमीजने चावी बाहेर ओढली. काटा थबकला.

"हां. आता बांध."

मृदंगावर थाप पडली. बंद घड्याळ मनगटावर बांधून बुवा उभे राहिले. गजर सुरू झाला. नानांच्या हातातले टाळ मात्र वाजलेच नाहीत.