फर्नेसच्या मागची फट

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. केयाने मला जशी सांगितली, तशीच सांगते.

केया माझ्या मावसबहिणीची मुलगी. अमेरिकेत जन्मली, तिथेच वाढली. तिला खोटं बोलता येत नाही. लहानपणी बोलून बघायची, पण लगेच पकडली जायची.

मागच्या जानेवारीतला रविवार. मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी गाव. वेळ दुपारचीच, पण तिकडे हिवाळ्यात चहाच्या वेळेलाच अंधारून येतं. हाडं गोठवणारी थंडी होती. त्यात बर्फाचं वादळ येणार म्हणून रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

केयाचे आईवडील दोघंही डॉक्टर. पोरीने मात्र कॉलेज सोडलं आणि घर गरम ठेवणारे फर्नेस दुरुस्त करायला शिकली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत बायकांनी यथेच्छ नाकं मुरडली. फर्नेस बंद पडला की आता त्याच बायका केयाला फोन करतात!

त्या दिवशी फोन आला तो दिगंबरकाकांचा. रिटायर्ड इंजिनिअर. त्यांच्या पत्नी, पद्मिनीकाकू, वर्षभरापूर्वी गेल्या. मुलगी अनया दूर न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला. एवढ्या मोठ्या घरात काका एकटे.

"केया, फर्नेस कालपासून बंद आहे गं. येतेस का जरा?"

"कालपासून? काका, आधी नाही का फोन करायचा! जॅकेट घालून बसा, मी निघालेच."

ती पोचली तेव्हा काका दारातच उभे होते. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. घराच्या आत.

केया बॅग घेऊन खाली बेसमेंटमध्ये गेली.

फर्नेस अगदी कोपऱ्यात कोंबलेला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याची टाकी. मागे जेमतेम चार बोटांची फट.

शेजारच्या फळीवर स्टीलचं झाकलेलं पातेलं होतं. ते बघून केयाला बरं वाटलं. तिकडच्या थंडीत आपल्या लोकांचं दही काही केल्या लागत नाही. मग कुणी ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवतं, कुणी फर्नेसच्या उबेला. पद्मिनीकाकू इथेच ठेवायच्या. केयाने लहानपणी त्यांचा दहीभात किती वेळा खाल्ला होता. काकांनी रीत चालू ठेवलेली दिसतेय, असं तिला वाटलं.

बिघाड किरकोळ निघाला. आतली ज्योत पेटली की नाही हे ओळखणारी कांडी काजळली होती. तिने ती घासून पुसून साफ केली. परत बसवताना स्क्रू हातातून निसटला...

टण्ण.

थेट मागच्या फटीत.

यात नवीन काही नव्हतं. असल्या अडचणीच्या जागांसाठी केयाच्या बॅगेत खास हत्यारं असतात. बोटाएवढा बुटका स्क्रूड्रायव्हर. लांब दांडीवरचा छोटा आरसा. आणि हवी तशी वाकणारी एक दांडी, जिच्या टोकाला चुंबक असतो.

तिने चुंबक फटीत सोडला. काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. दांडी ओढली...

येईना.

पत्र्याला चिकटला असेल म्हणून तिने जोर लावला.

तेवढ्यात दांडी पलीकडून ओढली गेली.

झटका नाही. हळूच. आपण कुणाचा पदर ओढावा तशी.

केयाचा हात कोपरापर्यंत फटीत गेला. मग पलीकडून सोडलं. दांडी बाहेर आली. टोकाला एक स्क्रू होता.

तिचा नव्हता. वेगळा, मोठा. ओला होता, आणि त्याला काहीतरी पांढरं लागलं होतं. तिने वास घेतला.

दही.

"मावशी, मी तेव्हाच पळायला हवं होतं यार," केया मला म्हणाली. "पण वर काका कुडकुडत होते. मी कशी जाणार?"

तिने टॉर्च लावला आणि दांडीवरचा आरसा फटीत सरकवला. मागचं बघितल्याशिवाय फर्नेस चालू करायचा नाही, ही तिची शिस्त.

आरशात काहीच दिसेना. काच धुकटली होती. तिने बाहेर काढून पुसली, परत आत घातली.

पुन्हा धुकटली... मग आपोआप स्वच्छ झाली... पुन्हा धुकटली...

त्या गारठलेल्या फटीत कुणीतरी आरशावर श्वास सोडत होतं.

काच मधेच क्षणभर स्वच्छ झाली, आणि तिला मागचा पाईप दिसला. फर्नेसचा विषारी वायू घराबाहेर नेणारा पाईप. त्याचा सांधा सुटला होता. स्क्रू गायब होते आणि उघडं तोंड घराच्या आतल्या बाजूला वळलेलं होतं. अशात फर्नेस चालू केला की तो वायू घरभर पसरतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

स्क्रू आपोआप गळून पडत नाहीत. आणि त्या सांध्यापर्यंत माणसाचा हात पोचतच नाही.

केयाची नजर पातेल्याकडे गेली. तिने झाकण उचलायला हात लावला...

पातेलं कोमट होतं.

अख्खं घर कालपासून बर्फ झालेलं, आणि पातेलं कोमट. आत घट्ट दही लागलेलं. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घातलं. तळाशी काहीतरी खुळखुळलं.

पाईपचे बाकीचे स्क्रू.

"झाला का गं दुरुस्त?"

काका जिन्यात उभे होते. कधी आले, तिला कळलंच नव्हतं.

"काका, हे दही तुम्ही लावलं?"

"मी? मला कुठे जमतंय." काका अगदी साध्या आवाजात म्हणाले. "रोज लागलेलं असतं. तू फर्नेस चालू कर आणि नीघ बघू. वादळ येतंय. पुढचं आमचं आम्ही बघू."

आमचं...

"काका, पाईप निघालाय. हा चालू केला तर तुम्ही मराल!"

काकांना काहीच नवल वाटलं नाही.

"तिला एकटीला करमत नाही गं," ते म्हणाले.

केयाने गॅसचा कॉक बंद केला. पाईप जोडायला तिथे थांबायचा धीर तिला झाला नाही. तिने काकांचा हात धरला. "काका, प्लीज. आमच्याकडे चला. मी तुम्हाला इथे सोडून जाणार नाही."

"थांब, विचारतो."

काका फर्नेसजवळ गेले. वाकून फटीला कान लावला. बराच वेळ तसेच उभे राहिले. मधूनमधून मान हलवत होते. मग वळले.

"हरकत नाही म्हणाली. चल."

केया त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर घेऊन आली. काकांनी तिच्या ट्रकचं पुढचं दार उघडलं. थोडा वेळ धरून ठेवलं. मग ते लावून स्वतः मागे जाऊन बसले.

केया घाबरलेली होती, तिने लक्ष दिलं नाही. गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी आली आणि...

टिंग... टिंग... टिंग...

सीटवर कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही, म्हणून गाडी वाजत होती.

शेजारच्या सीटसाठी.

सीट रिकामी होती. बॅग मागे काकांच्या पायाशी होती. केयाने गाडी थांबवली. तिकडे न बघताच हात लांब केला आणि रिकाम्या सीटचा बेल्ट लावला.

आवाज बंद झाला.

"थँक यू गं," मागून काका म्हणाले. "तिला बेल्टचा भारी कंटाळा."

घरी पोचेपर्यंत केयाने एकदाही उजवीकडे मान वळवली नाही.

त्यानंतर अनया आली आणि काकांना वेस्ट विंडसरला घेऊन गेली. केयाने तिला हजारदा बजावलं, घरात प्रत्येक मजल्यावर विषारी वायूचा अलार्म लाव. अनयाने लावले. केयाला जरा हायसं वाटलं.

काल रात्री तिने सहज फोन केला. अनया वैतागलेली होती.

"अलार्म आहेत गं, पण बाबा त्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवतात! रोज मी घालते, रोज ते काढतात."

"का पण?"

"काय सांगू आता... म्हणतात, आई नको म्हणते. उगाच सगळ्यांना कशाला जागं करायचं."

सगळ्यांना...

त्या घरात अनया आहे, तिचा नवरा आहे, दोन लहान मुलं आहेत. केया आज सकाळीच बॅग घेऊन तिकडे निघाली आहे. तिला एकटीला जाऊ द्यायला नको होतं, असं मला सारखं वाटतंय. मला फार भीती वाटतेय.