देवूला मारलेली हाक

केळव्याच्या शीतलादेवीची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आता शपथ घेतलीच आहे तर हेही सांगतो, की देवळापर्यंत मी कधी पोचलोच नाही. दरवेळी किनाऱ्यावर भजी खाऊन परत. आणि शब्दन् शब्द म्हणजे... एक जागा सोडून. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही उठून जाल.

बोईसरच्या मॉलमध्ये माझं मोबाईल कव्हरांचं दुकान होतं. दोन मजल्यांचा मॉल, मध्ये उंच मोकळा चौक, चौकात सरकता जिना. कधी धड चालला नाही. ना जिना, ना मॉल. शेवटी तो पाडून तिथं टॉवर उठवायचं ठरलं. आम्हा गाळेवाल्यांना गाळ्याच्या बदल्यात फ्लॅट. माझा सातव्या मजल्यावर. माझी बायको वर्षाराणी तेव्हापासून पडद्यांचे रंग ठरवत होती.

पाडकाम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी मी दुकानाची पाटी काढायला गेलो. गेटवर वॉचमन पुंडलिक एका बाईला समजावत होता. मासवण गावची लाडकी. हा मॉल बांधताना तिचा नवरा देवू स्लॅबवरून पडून मेला होता. प्रेत घरी नेलं, सगळं केलं, पण एक राहिलं. त्यांच्या घरात रीत अशी, की माणूस बाहेर अपघातात गेला तर त्या जागी जाऊन, पानावर तांदूळ ठेवून त्याला हाक मारायची. त्यानं ओ दिली की तिथला खडा उचलून पदरात बांधायचा आणि मागं न बघता घरी चालू लागायचं. खडा घरात पूर्वजांच्या खड्यांत ठेवायचा, की माणूस घरी आला. तेव्हा कंत्राटदारानं तिला आत सोडलं नाही. पुढं मॉल झाला, तर तांदूळ सांडते म्हणून गार्ड हाकलायचे. आता पोरीचं, दीपाचं लग्न ठरलेलं. आणि बाप पूर्वजांत बसल्याशिवाय दारात मांडव घालता येत नाही.

“उद्या मशीन येनार,” ती मला म्हणाली. “मंग मी हाक कुठं मारू, भाऊ?”

पुंडलिक म्हणाला, शेठ, तुम्ही सोबत जा. तुमच्या थापा ऐकून आतली भुतं तशीही पळाली असतील.

आत वीज तोडलेली. काचांना कागद चिकटवलेले. बाहेर रणरणतं ऊन आणि आत चार पावलांवर काळोख. शिळ्या पॉपकॉर्नचा वास, कबुतरांच्या घाणीचा, आणि कारखान्यांकडून येणारा तो आंबूस वास, जो आम्हाला एरवी जाणवतही नाही. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. नळ तर कधीच कापले होते.

लाडकी जिन्याच्या पायथ्याशी, देवू पडला त्या जागी बसली. पळसाच्या पानावर तांदूळ ठेवले.

“देवू... चल घरा.”

आवाज वर गेला, छताला लागला, परत आला. एकही कबूतर फडफडलं नाही.

“देवू... पोरीचं लगीन हाय रं...”

काही नाही. ती हाका मारत राहिली, तिचा आवाज बसत गेला. मी खांबामागं उभा. मला बघवेना, आणि थापा मारायची तर जन्माची सवय. तोंडापुढं हात धरून मी हळूच म्हटलं, “ओ...”

लाडकीनं वाकून तुटक्या फरशीतला खडा उचलला, पदरात बांधला आणि माझ्याजवळून निघून गेली. मागं बघितलं नाही. मी बघितलं. ठिबकणं थांबलं होतं.

लग्नाला मी मासवणला गेलो. मांडव दणक्यात, जेवण त्याहून. जेवणं झाल्यावर लाडकी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. पूर्वजांपुढं देवूचं पान वाढून ठेवलं होतं. आता तिथं भात नव्हता. पानही नव्हतं, नुसता देठ.

“कोंबडी शिरली असेल,” मी म्हटलं.

“दार लावलेलं व्हतं.” मग अगदी हळू, “मी रागावनार नाय, भाऊ... ती ओ तुमी दिली ना? आवाज देवूचा नव्हता. दुसराच कोनी घरात नाय ना आनला मी?”

“मग खडा का उचललास?”

“पोरीचा मांडव अडला व्हता...”

मी म्हटलं, होय, मीच दिली. तिचा चेहरा सैलावला. मग पुन्हा पडला.

“मंग देवू तिथंच रायला.”

तर सुरुवातीला सोडलेली ती जागा. ओ मी दिली, ही थाप. तिला मारली, तुम्हालाही मारली. तोंडापुढं हात धरला होता, एवढं खरं. माझा आवाज फुटायच्या आतच ओ आली... आणि वरून आली. छताच्याही वरून, जिथं तेव्हा नुसतं आभाळ होतं.

आता त्याच उंचीवर टॉवरचा सातवा मजला चढलाय. वर्षाराणी म्हणते, चला, घर बघून येऊ. मी टाळतोय. पुंडलिक सांगत होता, दुपारी मजूर तिथं थांबत नाहीत. जिना होता त्या जागेवरून, अगदी खालून, कुणीतरी विचारतं...

मला हाक मारली का?