सांजेची धार

चंद्रावरच्या मेंढीघुमटात चाळीस मेंढ्या आणि दोन माणसं बंद होती. एक दुग्धशास्त्रज्ञ डॉ. हेरंब पेंढारकर, दुसऱ्या जतकडच्या धनगरीण पारूअक्का हाके. दोहनयंत्र लावलं की मेंढ्या पान्हा चोरत, म्हणून हाळी घालून हातानं धार काढायला अक्कांना मुद्दाम आणलेलं. आणि करार लिहिणाऱ्या शहाण्यानं काय लिहावं? कळप आटेपर्यंत घुमटाचं दार उघडणार नाही! एरवी सहा महिन्यांत आटणाऱ्या मेंढ्या इथल्या कृत्रिम उजेडात अकरावा महिना दूध देत होत्या.

"दोन महिन्यांनी माझ्या लेकीचं, सुंद्रीचं, पयलं बाळंतपण हाय," अक्का म्हणाल्या. "आई न्हाई तर कोण बसणार तिच्यापाशी? ह्या आटतील कशा, त्येवढं सांगा डाक्टर."

"कासेत दूध तुंबलं की त्यातलं रोधक-प्रथिन दूध करणाऱ्या पेशींना सांगतं, आता बस्स. आपण दोन वेळा धार काढतो, म्हणून ते साठतच नाही."

"मग सांजची धार बंद करा की!"

डॉक्टरांनाही घरची ओढ होतीच. त्यांनी 'प्रयोग' अशी नोंद केली आणि सांजेची धार थांबवली.

पंधरा दिवसांनी त्यांनी कपाळाला हात लावला. दूध जेमतेम दहावा हिस्सा घटलं होतं, आणि स्निग्धांश उलट वाढला होता!

"माझंच चुकलं, अक्का. मोठ्या दूधकोशाच्या मेंढ्या मीच निवडल्या. एकदा पान्हा सुटला की दूध खाली कोशात जाऊन बसतं, वर पेशींपाशी राहतच नाही. निरोप पोचणार कसा?"

आकडे आपोआप पृथ्वीवरच्या केंद्राला जात. केंद्र खूश झालं. असं दाट दूध चीजला उत्तम, काम निम्मं, तेव्हा एक माणूस पुरे. करारात सूट देऊन डॉक्टरांना परत बोलावलं. अक्का मात्र राहतील.

घ्या! सुटायला गेली बाई आणि पुरती अडकली.

डॉक्टर शरमले. "मी राहतो, तुम्ही जा," म्हणत ते स्वतः धारेला बसले. काजळी मेंढीनं पान्हा चोरला.

"तुमची हाळी ऐकली तरच वरचं दूध कोशात उतरतं हो," ते हताशपणे म्हणाले.

"आन् न्हाई ऐकली तर?"

"तर वरच तुंबेल," म्हणत डॉक्टर सामान बांधायला उठले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यानंतर अक्का रोज ठरल्या वेळी धारेला बसल्या. हात तोच, वेळ तीच. फक्त तोंडातून शब्द नाही. काजळी गालाला नाक घासून ओरडायची आणि अक्का दात आवळून रडायच्या. लेकरासारखी जपलेली मेंढी, तिला हाक मारायचीही चोरी!

सव्विसाव्या दिवशी दूध थांबलं. केंद्रानं घुमटातल्या मूक चित्रफिती तपासल्या. काहीच बदललेलं दिसेना.

"अक्का, झालं तरी काय?" पडद्यावरून विचारणा झाली.

अक्का आधी कळपाकडे वळल्या. "हुर्र ये गं, माझी बाय!"

काजळी धावत आली. अक्कांनी तिला पोटाशी धरून सड पिळून दाखवला. थेंबही आला नाही.

"आटल्यात," अक्का म्हणाल्या. "दार उघडा."