त्रेचाळीस डिग्रीची गोष्ट

नागपूरला जाताना गाडी तापली म्हणून पवन आसेगावात थांबला. ती निंबाच्या सावलीत लावून पाणी मागायला अंगणात शिरला, तर भर दुपारी एक बाई उन्हात बाजेवर बसलेली. शेजारी तिची लेक छत्री घेऊन उभी. लेक राखी छत्री धरायची, आई गोजराबाई ढकलायच्या.

"भाऊ, तुमी तरी सांगा हिले," राखी म्हणाली. "मांडीत गाठ हाये. डॉक्टर म्हणे, नागपूरले आना, त्रेचाळीस डिग्रीवर गाठ तापवू, मंग औषध चांगलं लागू पडते. तं ही—"

"मोबाईल पाह्य," गोजराबाई म्हणाल्या. "आजचं ऊनबी त्रेचाळीसच हाये. नागपूरले कायले जाऊ?"

तीन दिवस हा उपचार चालू होता. गाठ होती तशीच होती. शेजारच्या मुगवड्या मात्र खडखडीत वाळल्या होत्या.

पवन हसला नाही. बाजेच्या कडेला, उन्हातच बसला. "मावशी, ऊन कातडीवरच राह्यते. गाठ आत हाये. नागपूरले त्या मशीनवर मीच असतो."

"थापा!" राखी म्हणाली.

त्याने ओळखपत्र दाखवलं. फोटोत तो नुकताच पकडला गेल्यासारखा दिसत होता. राखीला तो फोटो उगाचच आवडला.

गोजराबाई हळूच म्हणाल्या, "अन् जास्त तापलं तं? मी काय वांगं हाये भाजाले?"

राखीचा हात थबकला. म्हणजे ऊन हे निमित्त होतं... आई भ्याली होती.

"म्हून तं मी असतो," पवन म्हणाला. "कुठंबी न कापता मशीन आतली गरमी दाखवते. गाठ लाल, बाजूचं मांस हिरवं. हिरव्यात लाली आली का मी लगेच थांबवाले सांगतो. तासभर नजर हलवत नाही."

गोजराबाई बाजेवरून उठल्या. मग म्हणाल्या, "राखी, धर आता छत्री." आणि पिशवी भरायला आत गेल्या.

निंबाखाली राखीने विचारलं, "बाजूले कोनी उभं राह्यलं तरी नजर हलत नाही?"

"कोन उभं राह्यते, त्यावर हाये..."

"हलवाची नाही! माही आई हाये ते." मग खाली बघत, "तास संपल्यावर... पाहा."

यात 'भाऊ' म्हणायचं राहून गेलं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या लगेच आलं असावं; कारण त्याने इंजिनावर हात ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "अजून तापलेली हाये. थांबा लागीन."

राखीने हात लावून पाहिला. गाडी केव्हाच निवली होती.

"हो न," ती म्हणाली. "लईच तापली."